रद्दीच्या काट्यावरचा वेताळ: जुनी कॉमिक्स कमी खर्चात कशी जमवावीत

कल्याणमधल्या एका रद्दीच्या दुकानात, मे महिन्याच्या भर दुपारी, काट्यावर सुतळीने बांधलेला एक गठ्ठा पडला होता. वर दहावीची गाइडं, खाली वर्तमानपत्रं, आणि मधोमध बोटभर जाडीचा एक थर वेगळा दिसत होता. कड पिवळट, मऊ, ओळीने गंजलेल्या पिना. सुतळी सोडली तर आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अकरा अंक. वेताळाचे, म्हणजे मूळच्या फँटमचे सहा, जादूगार मँड्रेकचे तीन, बहादूर या देशी नायकाचे दोन. दुकानदारकाकांनी आधी अंकांकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. म्हणाले, "ताई, तुम्हाला हवेत म्हणजे किलोने नाही जायचे हे." अकरा अंकांचे दोनशे वीस रुपये ठरले. त्याच आठवड्यात यांच्यापेक्षा फाटका असलेला एक अंक ऑनलाइन एकटाच पाचशेला लागलेला मी पाहिला होता.

जुन्या कॉमिक्सच्या भावाचं गणित मला त्या दिवशी नीट कळलं. अंक घराच्या माळ्यावरून निघतो, रद्दीवाल्याकडे येतो, तिथून घाऊक गोडाऊनला जातो, कुणी निवडून काढला तर फूटपाथवरच्या विक्रेत्याकडे पोहोचतो आणि शेवटी ऑनलाइन विकणाऱ्याकडे. प्रत्येक हातात त्याची किंमत वाढते, आणि ते रास्तच आहे, कारण प्रत्येकाने ढिगाऱ्यातून निवडायचे कष्ट घेतलेले असतात. पण कुणी निवडलाच नाही तर तो अंक थेट लगद्याला जातो. कमी पैशात संग्रह करायचा असेल, तर या साखळीत जितकं आधी उभं राहता येईल तितकं राहायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

यादीशिवाय घराबाहेर पडू नका

काय हवंय हे माहीत नसलेला माणूस बाजारात दोन चुका करतो: घरी आहे तोच अंक पुन्हा घेतो आणि दुर्मीळ अंक हातातून सोडतो. म्हणून पहिली पायरी यादीची. फोनमध्ये ठेवाच, पण एक छापील प्रतही पिशवीत असू द्या. फूटपाथवर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि एका हातात गठ्ठा असतो.

इंद्रजालची यादी करताना एवढं लक्षात ठेवा. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने ही मालिका मार्च 1964 मध्ये सुरू केली आणि ती 1990 मध्ये बंद पडली. पहिले 443 क्रमांक सलग आहेत. त्यानंतर क्रमांक देण्याची पद्धत बदलली आणि अंकांवर खंड 20 अंक 1, अंक 2 असं येऊ लागलं, ते थेट खंड 27 पर्यंत. नवखे संग्राहक इथे गोंधळतात. हातात 'अंक 14' आला की त्यांना तो साठच्या दशकातला वाटतो, प्रत्यक्षात तो ऐंशीच्या दशकातला असतो. त्यामुळे आधी खंडाचा आकडा पाहायचा. दुसरी गोष्ट, 123 आणि 124 हे क्रमांक शोधू नका. संपामुळे ते निघालेच नाहीत. एकूण अंक भरतात 803.

अमर चित्र कथेतही असाच एक खड्डा आहे. अनंत पै यांनी इंडिया बुक हाउससाठी ही मालिका 1967 मध्ये सुरू केली. आपण जिला अमर चित्र कथा म्हणतो, तिची सुरुवात 11 व्या क्रमांकाच्या 'कृष्ण' अंकापासून होते. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. पुढे पुनर्मुद्रणाच्या वेळी 501 पासून नवे क्रमांक दिले गेले. म्हणजे एकाच कथेचे दोन क्रमांक असू शकतात. यादीत दोन्हींसाठी रकाना ठेवा.

भाषाही यादीत हवी. एकच कथा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत वेगवेगळ्या काळी हाती येते. भाषा न लिहिता नुसतं शीर्षक टिपलं, तर सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही. मी स्वतः मराठी अंकांना आधी हात घालते. ती भाषा आपली आहे, आणि आपल्याच गावांतल्या माळ्यांवर ते अंक पडून आहेत. चेन्नईच्या किंवा दिल्लीच्या संग्राहकाला डोंबिवलीच्या माळ्यापर्यंत पोहोचता येत नाही, आपल्याला येतं.

अंक किती जुना, हे कसं ओळखावं

इंद्रजालचं तसं सोपं आहे, क्रमांकावरून काळ कळतो. अमर चित्र कथा मात्र पुन्हा पुन्हा छापली गेली, त्यामुळे मुखपृष्ठ जुनं दिसलं तरी प्रत नवी असू शकते. इथे प्रकाशकाच्या पत्त्याकडे पाहा. आपल्याकडे पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. पत्त्यात नुसतं 'मुंबई 26' अशा पद्धतीने विभाग क्रमांक असेल, तर मजकूर त्याच्या आधीचा किंवा जेमतेम त्या सुमाराचा. 'मुंबई 400 026' असं असेल, तर प्रत नक्की नंतरची. बारकोड असेल तर आणखी बरीच नंतरची. छापील किंमत, कागदाचा पोत आणि मलपृष्ठावरची जाहिरात या तीन गोष्टी पत्त्याशी जुळतात का ते बघा. एखादी गोष्ट जुळत नसेल तर कव्हर एका प्रतीचं आणि आतलं दुसऱ्या प्रतीचं असण्याची शक्यता असते. मला अशी जोडलेली प्रत एकदा मिळाली आहे.

कव्हर नसलेला वेताळाचा अंक हाती आला तर आतल्या नावांकडे लक्ष द्या. मूळ कथेतला बंगाला हा देश इंद्रजालमध्ये 'डेंकाली' झाला आणि सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. बंगाल आणि सिंग ही नावं आपल्याकडे फार जवळची, म्हणून हा बदल. नव्वदच्या दशकात डायमंड कॉमिक्सनेही फँटमचे अंक काढले होते. संग्रह इंद्रजालचा असेल तर ते वेगळे ठेवा.

कुठे आणि कधी जायचं

साखळीचं पहिलं टोक म्हणजे घरं. जुने वाडे आणि इमारती पुनर्विकासाला जातात, तेव्हा पन्नास वर्षांचे माळे एका आठवड्यात रिकामे होतात. नातेवाईक, सोसायटीचा ग्रुप, शाळेतले मित्र, सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगून ठेवा: "जुनी कॉमिक्स निघाली तर रद्दीत देण्याआधी मला फोन करा." हे वाक्य वर्षातून दोनदा सांगायचं, एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या आवराआवरीआधी. माझ्या संग्रहातला जवळपास एक तृतीयांश भाग या एका वाक्याने आलाय.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एखाद्या आजींनी "ने गं बाई, फुकट ने" असं म्हणून पेटी पुढे केली, तर तिच्यातल्या अंकांना किंमत आहे हे त्यांना सांगा. मी सांगते आणि रास्त पैसे पुढे करते. बहुतेक जणी घेत नाहीत. काही घेतात, आणि त्यांनी घ्यावेत. स्वस्त मिळवणं वेगळं आणि समोरच्याच्या न कळण्यावर कमावणं वेगळं.

दुसरं टोक रद्दीवाले. इथे धीर लागतो. आठवड्यातून एकदा एकाच दुकानात जाणं हे महिन्यातून एकदा दहा दुकानं पालथी घालण्यापेक्षा फळतं. काकांशी अंकामागे एक ठरावीक दर बांधून घ्या, किलोच्या भावापेक्षा बराच जास्त, म्हणजे त्यांना वेगळं काढून ठेवण्यात रस वाटेल. आणि मग त्यांनी ठेवलेलं सगळं घ्या. त्यात नको असलेला अंक असेल, दुबार असेल, तरी घ्या. दोनदा "हे नको, ते नको" केलंत की तिसऱ्यांदा ते गठ्ठा सोडणारच नाहीत.

तिसरं टोक फूटपाथ आणि आठवडी बाजार. मुंबईत माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानाजवळ आणि हुतात्मा चौकात जुनी पुस्तकं मिळतात. हुतात्मा चौकातले विक्रेते आता पूर्वीपेक्षा खूप कमी झालेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, तिथे पुस्तकं भांड्यांच्या आणि लोखंडाच्या मधे पसरलेली असतात. तिथे विकणाऱ्याला कॉमिक्सचा भाव ठाऊक नसण्याची शक्यता पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकापेक्षा जास्त. नागपुरात सीताबर्डी. महाराष्ट्राबाहेर जाणं झालं तर इंदूरचा खजुरी बाजार, हैदराबादला रविवारी अबिड्स, आणि दिल्लीचा दर्यागंजचा रविवारचा पुस्तक बाजार, जो 2019 पासून महिला हाटच्या आवारात भरतो. इंदुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे तिथे मराठी अंकांबद्दल मुद्दाम विचारा.

सकाळी लवकर जा. माल तेव्हाच उघडतो, आणि भवानी व्हायची असते. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवणं विक्रेत्याला नको असतं. पावसाळ्यात मात्र फूटपाथवरून घेऊच नका, वरून कोरडा दिसणारा अंक पोटात ओला असतो.

हातात घेतल्यावर काय बघायचं

यावर घाई करू नका. खरी बचत इथेच होते.

सर्वात आधी मधलं पान. बत्तीस पानी अंक आठ मोठ्या कागदांचा असतो, मधे दुमडून पिना मारलेला. पिना गंजल्या की सर्वात आधी मधला कागद सुटतो, म्हणजे 15, 16, 17 आणि 18 ही पानं जातात. अंक सुरुवातीला आणि शेवटी अगदी धड दिसतो. मी एकदा ट्रेन पकडायच्या घाईत मँड्रेकचा अंक पुढून-मागून बघून घेतला. गाडीत वाचायला काढला तर 14 व्या पानावर मँड्रेकचा साथीदार लोथार दार फोडत होता आणि समोर थेट 19 वं पान. त्या दिवसापासून मी अंक हातात आला की आधी मधे उघडते.

बाकीची पानं मोजायची सोपी रीत आहे. एकाच कागदावरच्या समोरासमोरच्या पानांची बेरीज 33 येते: 7 आणि 26, 8 आणि 25. कुणी 7-8 चं पान फाडलं असेल, तर त्याचा जोडीदार 25-26 हा पिनेपासून सैल झालेला असतो. म्हणून मागच्या अर्ध्या भागात एखादं पान लटकत दिसलं, तर पुढच्या अर्ध्यात त्याचा जोडीदार आहे का ते तपासा. पानांवर क्रमांक नसतील तेव्हा ही युक्ती फारच कामी येते.

मग कूपनं आणि कोडी. मुलांनी कात्रीने कापलेला चौकोन पाठीमागच्या कथेचं एक चित्र घेऊन जातो. कोडं पेन्सिलीने सोडवलेलं असेल तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका, भाव कमी करून मागायला ते पुरेसं कारण आहे आणि कथा शाबूत असते.

पुढे कसर आणि बुरशी. पांढऱ्या कागदावर अंक उभा धरून हलकेच झटका. बारीक भुकटी किंवा कण पडले तर कीड आत असू शकते. पिवळेपणा आणि बुरशी यांत फरक करा. पिवळेपणा हा स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदाचा स्वभावच आहे, प्रकाश आणि हवेने तो येणारच. हिरवट-काळे मखमली ठिपके आणि बंद कपाटासारखा कोंदट वास मात्र बुरशीचा, आणि ती शेजारच्या अंकांना लागते. असा अंक मी फुकटही घरी आणत नाही.

सेलोटेपने चिकटवलेली फाट ही साध्या फाटेपेक्षा वाईट. काही वर्षांनी टेपचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि तो निघत नाही.

आता दोन गोष्टी, ज्यांच्यामुळे बाकीचे लोक अंक सोडून देतात आणि आपल्याला तो स्वस्त मिळतो. पहिली म्हणजे खाकी कव्हर. शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कागदाचं कव्हर घातलेला अंक ढिगाऱ्यात मळकट दिसतो, कुणी हात लावत नाही. ते कव्हर नुसतं दुमडून घातलेलं असेल, चिकटवलेलं नसेल, तर आतलं मुखपृष्ठ उन्हापासून आणि हातांपासून वाचलेलं असतं. असा एक अंक मी विक्रेत्यासमोरच उघडला होता, आत लाल रंग अगदी कालच छापल्यासारखा. त्यालाही आश्चर्य वाटलं, आणि भाव आधी ठरला होता म्हणून त्याने तो पाळला. मी पुढच्या वेळी त्याच्याकडून बिनघासाघिशीचे चार अंक घेतले.

दुसरी गोष्ट बांधीव खंड. सुट्टीत दिवसाच्या भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या वाचनालयांनी चार-सहा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधले. कण्यावर शीर्षक नसतं किंवा नुसतं 'गोष्टी' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे तो खंड कॉमिक्सच्या ढिगात सापडतच नाही, जाड पुस्तकांत सापडतो. घेताना आतली मुखपृष्ठं ठेवलीत की बांधणाऱ्याने काढून टाकलीत ते बघा. कडा थोड्या कापलेल्या असतातच. चित्र किंवा संवादाचा फुगा कापला गेला नाही ना, एवढं पाहायचं. सुट्या परिपूर्ण अंकाएवढा मान या खंडांना संग्राहकांत नाही, पण वाचायला आणि यादीतली भोकं भरायला यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. खंड उसवू नका, कण्यातली पानं हमखास फाटतात.

भाव कसा ठरवायचा

घरून निघतानाच प्रत्येक हव्या अंकापुढे कमाल रक्कम लिहा. माझा हिशोब असा: पूर्ण, घट्ट पिनांच्या, स्वच्छ अंकाला पूर्ण रक्कम, कव्हर सुटं पण हजर असेल तर दोन तृतीयांश, कव्हर नसेल तर एक चतुर्थांश, आतलं एखादं पान जरी गेलेलं असेल तर नुसता सुट्या भागांसाठी, म्हणजे नावापुरता. ही प्रमाणं माझी आहेत, तुमची वेगळी असतील. पण ती आधी ठरलेली असावीत, कारण हातात अंक आल्यावर मन लगेच विरघळतं.

विचारताना एका अंकाचा भाव विचारू नका. हवे ते, बरे ते, असे आठ-दहा अंक एकत्र काढा आणि "या सगळ्यांचे किती?" असं विचारा. विक्रेत्याला एका फटक्यात माल जाणं आवडतं, तुम्हाला सरासरी भाव कमी पडतो. घासाघीस करताना खरे दोष दाखवा, जसं सुटलेली पिन किंवा कापलेलं कूपन. खोटं बोलून माल हलका करू नका, पुन्हा त्याच्याकडेच यायचं असतं. सुटे पैसे जवळ ठेवा. दीडशेवर सौदा ठरल्यावर पाचशेची नोट काढणं चांगलं दिसत नाही.

आणि रक्कम पटली नाही तर "ठीक आहे, पुढच्या रविवारी बघू" म्हणून निघा. अंक गेला तर गेला. इंद्रजालचे अंक मोठ्या प्रमाणावर छापले गेले, बहुतेक शीर्षकं पुन्हा भेटतात. अगदी सुरुवातीच्या काही अंकांचं मात्र तसं नाही, तिथे मी कमाल रकमेच्या थोडी पुढे जाते.

ऑनलाइन

फेसबुकचे आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप, ओएलएक्स, लिलाव. साखळीचं हे शेवटचं टोक, म्हणून सर्वात महाग. तरीही यादीतला एखादाच अंक राहिला की इथेच यावं लागतं. मागितलेल्या किमतीवरून बाजारभाव ठरवू नका, प्रत्यक्षात किती रुपयांना विकला गेला ते बघत राहा. पाच फोटो मागा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधलं पान पिनांसकट, पहिलं पान आणि बाजूने दिसणाऱ्या कडा. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. कव्हर जास्त चकचकीत आणि आतला कागद तपकिरी असेल, तर रंगीत झेरॉक्सची शंका घ्या. पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मधे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवायला सांगा. घडी घालून आलेला अंक मी एकदा सोडवलाय, मधोमध पडलेली ती रेघ कायमची राहिली.

घरी आणल्यावर

नवा गठ्ठा थेट कपाटात ठेवू नका. हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, कीड आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. मग मऊ कोरड्या ब्रशने कण्याकडून बाहेर साफ करा. गंजलेली पिन ओढू नका. मागचे पाय बोथट सुरीने सरळ करा, अलगद काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला. फाटीला टेप नको. पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ एवढंच वापरा. खळ अगदी कमी लावा.

पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या घ्या, प्लास्टिकचा उग्र वास येणाऱ्या घेऊ नका. आत आम्लरहित पुठ्ठा. अंक उभे ठेवा, दाबून नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कपाटात सिलिका जेल हवंच, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा ते बदला.

शेवटी यादीत नोंद: कुठून, किती रुपयांना, कुठल्या अवस्थेत. दुबार अंक वेगळ्या खोक्यात ठेवा आणि त्यांचीही यादी करा. रद्दीवाल्याचे न लागणारे अंक घेतले होते ना, ते इथे उपयोगी पडतात. नाशिकच्या एका संग्राहकाला मी बहादूरचे दोन दुबार अंक दिले, त्यांनी मला मधली पानं नसलेल्या त्या मँड्रेकची पूर्ण प्रत पाठवली. पाकीट आलं तसं आधी मधे उघडून पाहिलं. 15 ते 18, चारही पानं जागेवर होती.